उशिरा तोडलेली द्राक्षं

फ्रिज ओसरीत होता आणि ओसरीत बाबा, म्हणजे सासरे गुणवंतराव, बसत, म्हणून मंजुषाने वाइनच्या दोन्ही बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीतल्या हौदात उभ्या केल्या होत्या. एप्रिलचं ऊन सकाळीच पत्र्यावर चढलं होतं. दर घटकेला ती जाऊन बाटलीला हात लावून बघत होती, कडी लावत होती, आणि कडी नीट लागली की नाही ते बघायला पुन्हा जात होती. गुंजा आता टाचा उंचावून कडीपर्यंत पोचायला लागली होती. मंजुषाची दोन वर्षांची पोर, जे चकाकेल ते तोंडात.

"वहिनी, हौद काही पळून नाई चालला," दिव्यानी म्हणाली. आज बोलणी तिच्याच लग्नाची होती, पण घाम मंजुषाला फुटला होता.

"तू जा, केस वाळव. गुंजा कुठी आहे?"

"तुझ्या पदराले धरून उभी आहे."

मंजुषाने खाली पाहिलं. खरंच उभी होती.

या वाइनची कल्पना मंजुषाची, म्हणून काळजीही तिचीच. पाडव्याला दिव्यानीने सुरजचं नाव घरात उच्चारलं आणि बाबांनी जेवणाच्या ताटावरून हात काढून घेतला, तेव्हापासून गुणवंतरावांच्या घरात माणसं एकमेकांशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होती. सुरज मोहर्लीला सफारीचा गाइड. दिव्यानी तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. तो गडचिरोलीकडचा, गोंडाघरचा. जातीवरून बाबांनी महिनाभर मनाशी झगडून घेतलं आणि एक दिवस आपणहून म्हणाले, "पोरगं चांगलं आहे." पण गाडी अडली ती दुसरीकडेच. सुरजच्या घरी बोलणीच्या दिवशी पेय लागतंच. त्याचा थेंब जमिनीवर पडल्याशिवाय वाडवडलांना कळत नाही, की घरात सून येते आहे.

"ज्या अंगणात रोज सांजची प्रार्थना होते," बाबा म्हणाले होते, "तिथी दारू पडणार नाई."

जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून ते बायांच्या मोर्च्यात चालले होते. बंदी उठली त्या दिवशी त्यांनी चौकात एकट्यानं उभं राहून हात जोडले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला, दुकानाकडे जाणाऱ्यालासुद्धा. त्यांना कोण समजावणार?

मंजुषा गेली होती समजवायला, गुंजाला कडेवर घेऊन. कडेवर पोर असली की बाबा आवाज चढवत नसत.

"दारू नाही बाबा, वाइन. भट्टीवर गाळलेली नसते. फळाचा रस आंबवतात फक्त."

"ताडीई आंबवतेच."

"ही फार हलकी असते. गोड."

"साखर टाकते काय त्याच्यात?"

प्रश्न त्यांच्या स्वभावाचाच होता. आठवडी बाजारात मध घेताना ते पेल्यात पाणी मागून घेत आणि त्यात मधाचा थेंब सोडत. थेंब न तुटता तळाला गेला तर मध घ्यायचा, विरघळला तर नमस्कार करून उठायचं.

"काहीत टाकतात," मंजुषानं खरं ते सांगितलं. "पण काही द्राक्षं वेलावरच जास्त दिवस ठेवतात. तोडायची वेळ झाली तरी तोडत नाहीत. त्यातलं पाणी आटतं, गोडी दाट होते, मग उशिरा तोडतात. त्याची वाइन आपल्याच गोडीनं गोड असते. वरून काही नाही."

बाबांनी गुंजाच्या पायातलं वाळं बोटाने फिरवलं. "मी पेणार नाई. मी पाहणारई नाई. पाहुण्याच्या मानासाठी तुमी काय कराचं ते करा. पण गाळलेली दारू फाटकाच्या आत आली नाई पाहिजे."

मग धनराज, तिचा नवरा, चंद्रपूरला जाऊन बाटल्या घेऊन आला. पहिल्या खेपेला त्याने लाल, पाकासारखी दाट 'पोर्ट' आणली. स्वस्त होती, पण मागच्या चिठ्ठीवर साखर घातल्याचं लिहिलेलं, आणि खोकल्याच्या औषधासारखी जिभेला चिकटत होती. दुसऱ्या खेपेला नाशिककडची पांढरी, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. तीही काही महाग नव्हती. धनराज म्हणाला, एका पिझ्झ्याच्या पैशात बसते. पिवळसर, उन्हात ठेवलेल्या मधासारखी. दार लावून दोघांनी वाटीत ओतून चाखली, आणि मंजुषाला एकदम जाईच्या मांडवाखाली उभं असल्यासारखं वाटलं.

राहिला प्रश्न सोबत काय ठेवायचं याचा.

"मोबाईल काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं होतं. रंभाबाईंनी या सगळ्यात कोणाची बाजू घेतली ते त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. फक्त परवा रात्रीच लाखोळीची डाळ भिजत टाकली होती.

"मोबाईल म्हणतो निळं चीज."

"निळं? म्हणजे बुरा आलेलं?"

"मुद्दाम आणतात म्हणे बुरशी."

"माय वो! आपल्या इथी न आणता येते."

त्यांनी शेवयांची खीर करून पाहिली. खिरीवर घोट घेतला तर इतकी गोड वाइन चक्क आंबट लागली. मंजुषाला वाटलं, बाटलीच बिघडली.

"पेढा खाऊन चहा पेलो तर चहा फिका लागते, तसं आहे हे," रंभाबाई म्हणाल्या. "तिच्याहून गोड काही तिच्यापाशी ठेवू नको. खीर मंग देऊ. आधी तिखट दे."

मग लाखोळीचे वडे: डाळ जाडीभरडी वाटलेली, हिरवी मिरची, लसूण, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. गरम वडा जिभेला चटका देतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग तो थंड घोट त्या चटक्यावर पसरतो. मिरची हटत नाही, पण शहाण्यासारखी बसते. बाजूला मीठ लावून भाजलेली चारोळी. त्या दिवशी मंजुषाला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

आज मात्र बायनाबाई आल्या होत्या. बाबांची मोठी बहीण, मूल गावची. फाटकातच त्यांनी नाक वर केलं.

"काऊन वो मंजुषा, शिकल्यासवरलेली सून आणली माझ्या भावानं, त्या सुनेनं घराचा बार केला म्हणते?"

"आत्याबाई, पाणी देऊ की चहा?"

"तुमच्या घरी आता पाणीबी इचारूनच प्या लागन बाप्पा!"

रंभाबाई कढईतून मान न काढता म्हणाल्या, "बाई, वडा खाऊन पाहा. मीठ बरोबर आहे का सांगा." आणि बायनाबाईंचं तोंड निदान तेवढ्यापुरतं भरलं.

पाहुणे आले. सुरज पुढे, कडक इस्त्रीच्या शर्टात. मागे त्याची आई सुकरीबाई, हातात चारोळीची पुडी. आणि वडील पोचूभाऊ, उंच, पांढरं धोतर, खांद्याला वाळल्या भोपळ्याचा तुंबा. तुंब्याच्या तोंडाला मोहाच्या पानांचा बोळा होता.

मंजुषाने तुंबा पाहिला आणि लगेच बाबांकडे पाहिलं. बाबांचीही नजर तुंब्यावरच होती. त्यांचा जबडा आवळला गेला होता, पाडव्याला ताटावर आवळला होता तसा.

तुंबा उघडायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. पाहुण्यांच्या हातात आधीच पेय असलं तर तुंबा उघडायची वेळच येणार नाही. ती न्हाणीकडे धावली, कडी काढली, बाटली पुसली. पळसाच्या पानांचे दोने तिने मुद्दाम आणून ठेवले होते. त्यांच्या घरी दोन्यातच घेतात हे तिला ठाऊक होतं. वाइन ओतली, वड्यांचं ताट रंभाबाईंच्या हातातून जवळजवळ हिसकावलं, आणि पाहुणे चटईवर टेकले न टेकले तोच समोर जाऊन वाकली.

"घ्या ना भाऊ. घ्या सुकरीबाई. तुमच्यासाठीच आणलं आहे."

*

मधल्या खोलीत दिव्यानी खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी होती. बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नाही, म्हणून बायनाआत्याने तिला तिथं बसवलं होतं आणि स्वतः दाराशी पाट टाकून राखण करत होती. वहिनीच्या हातातले दोने दिसले आणि दिव्यानीला एकदम आठवलं.

सुरजने सांगितलं होतं एकदा, मागच्या पावसाळ्यात, हसत हसत. त्यांच्या घराण्याची रीत. पहिलं पेय मुलाकडचे आणतात. मुलीकडच्यांनी ते घेतलं की बोलायला तोंड उघडतं. आणि मुलीकडच्यांना नकोच असेल तर? तर ते आधी आपलं पेय पुढं करतात. म्हणजे तुमच्या येण्याची फेड झाली, आता उठा. नाही हा शब्द कोणालाच बोलावा लागत नाही. 'किती चांगलं ना,' ती तेव्हा म्हणाली होती. आणि विसरून गेली होती.

बाहेर पोचूभाऊंनी दोना हातात घेतला. पाहिला. एकही थेंब न सांडता परत ताटात ठेवला. सुकरीबाईंनीही ठेवला. पोचूभाऊंनी चटईजवळच्या तांब्यातलं घोटभर पाणी तेवढं घेतलं. सुरजची नजर खिडकीकडे आली, फट शोधत.

"पाणी गोड आहे भाऊ तुमच्या हिरीचं," पोचूभाऊ गुणवंतरावांना म्हणाले. आवाजात राग नव्हता. "येतो आमी."

"अहो, वडे तरी..." वहिनी म्हणाली.

"खाल्ल्यासारखेच आहे बाई."

दिव्यानी दाराकडे झेपावली. बायनाआत्याने पाय आडवा घातला.

"कुठी चालली?"

"आत्या, सोड. त्याईले वाटलं आपण नाई म्हटलं."

"कोण म्हटलं नाई?"

"वहिनीनं! दोना देऊन! तिले काय मालूम!" आणि आत्याचा पाय ओलांडून ती ओसरीत आली. केस अजून ओले होते. "बाबा, त्याईच्यात पहिलं पेय मुलाकडचं असते. आपण आधी दिलं तर नकार होते. बाबा, ते जाऊन राह्यले."

*

गुणवंतराव खुर्चीतच होते. पाहुणे अंगण ओलांडून फाटकापर्यंत पोचले होते. सुरज मागे वळून वळून बघत होता, आणि त्याची आई त्याच्या कोपराला धरून चालत होती.

मागून बायनाबाई कानाशी वाकली. "झालं ते बरं झालं, गुणवंता. आपोआप झालं. तुले काही बोलाच नाई लागलं."

खरं होतं. नुसतं बसून राहायचं. उद्या गावात कोणी विचारलं तर म्हणता आलं असतं, आमी तर ताट पुढं केलं, त्याईनंच नाई घेतलं. पोरीसमोर हात वर करता आले असते. दारूही अंगणात पडली नसती. महिनाभर ते देवाकडे हेच मागत नव्हते काय, की मला नाही म्हणायला लावू नको आणि हो म्हणायलाही लावू नको?

दिव्यानी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. लहानपणी बाजारात ती अशीच त्यांच्या बाजूला उकिडवी बसायची, पेल्याला नाक लावून, श्वास रोखून. मधाचा थेंब खाली जात असायचा. 'नाई तुटला, बाबा! नाई तुटला!' साऱ्या बाजाराला ऐकू जायचं. तीच पोर आता श्वास रोखून उभी होती. आणि पेल्यात, त्यांना वाटलं, आज मी पडलो आहे.

तो माणूस पाण्याला गोड म्हणून उठला होता. अपमान समजूनसुद्धा.

गुणवंतराव उठले. चपला न घालता तापल्या अंगणातून गेले.

"पोचूभाऊ, थांबा."

"राहू द्या भाऊ. मनात काही नाई."

"तुमी जाता कुठी? तुमी अजून आलेच नाई."

पोचूभाऊंनी सुरजकडे पाहिलं. सुरजला कळलं नाही.

"आमी आताच अंगण झाडून राह्यलो," गुणवंतराव म्हणाले. "चटईबी नाई टाकली. सुनेनं कोणाले काही दिलं नाई. तुमी फाटकाच्या भायेर व्हा. मी आतमंधी उभा राह्यतो. मंग या."

सुकरीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते दिसलं नाही. तिघं बाहेर गेले. फाटक लागलं. फाटक उघडलं.

"या, या पोचूभाऊ! लई ऊन आहे. या सुकरीबाई. बाई, चटई टाका, पाहुणे आले."

"गुणवंता!" बायनाबाई ओरडली.

"चटई, बाई."

चटई पडलेलीच होती. बायनाबाईने ती उचलली, झटकली आणि पुन्हा टाकली.

पोचूभाऊ बसले. तुंब्याचा बोळा काढला, स्वतःच्या पिशवीतून दोना काढला, आणि पहिला थेंब अंगणातल्या मातीवर सोडला. ओठांत काहीतरी पुटपुटले. मातीने थेंब लगेच पिऊन टाकला. प्रार्थनेची सतरंजी रोज जिथं पडते, तिथून हातभर अंतरावर.

"तुमच्या मांडवावर एक वेल चढला आहे म्हणते," ते म्हणाले. "पाहाले आलो."

"वेल आहे," गुणवंतराव म्हणाले. "पाहा."

भरलेला दोना पुढे आला. आतलं पेय तांबूस होतं, दाट. मोहाचा वास नाकात शिरला. बापाच्या मयतीलाही जिला त्यांनी हात लावला नव्हता, त्या दारूचा वास. त्यांनी दोन्ही हातांनी दोना घेतला आणि डोळे मिटले.

*

मंजुषाने पाहिलं: बाबांनी घोट घेतला. मग थांबले. डोळे उघडले आणि पोचूभाऊंकडे पाहिलं. पोचूभाऊ त्याच वेळी मान वर करून कडुनिंबाच्या पानांत काहीतरी शोधत होते. बाबांनी पुन्हा दोना तोंडाला लावला आणि तळाशी काही शिल्लक राहणार नाही असा रिकामा केला. मिशी पुसली.

"बसा," ते म्हणाले. "बोलू."

बायनाबाईंनी पदरात तोंड खुपसलं. रंभाबाईंनी कढईखालचा गॅस मोठा केला, बास. त्यांच्या घरात जल्लोष असाच होत असे.

मग वाइनही आली, आता तिच्या वेळेला. सुकरीबाईंनी वडा मोडला, घोट घेतला, पुन्हा वडा मोडला.

"हे कायचं आहे वो बाई?"

"द्राक्षाचं. साखर नाही घातलेली. आपल्याच गोडीचं."

"मिरचीवर चांगलं लागते."

"आईंनी जमवलं ते," मंजुषा म्हणाली, आणि कढईपाशी रंभाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

दिव्यानीला बाहेर बोलावलं. ती सगळ्यांच्या पाया पडली, सुकरीबाईंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि "पोरीले सर्दी होईन," म्हणाल्या. तारखेचं बोलणं निघालं. धनराज म्हणाला सोयाबीन निघाल्यावर, सुरज म्हणाला पावसाळ्यात सफारी बंद असते तेव्हा. बायनाबाई दाराशी बसून होत्या, त्यांनी दोना नाकापाशी नेला, ठेवला, आणि कोणी बघत नाही असं पाहून ओठाला लावला.

"औषधावानी आहे," त्या कोणी न विचारताच म्हणाल्या. थोड्या वेळाने, "रंभे, एक वडा दे. नुसतं औषध जात नाई."

आणि मंजुषाच्या लक्षात आलं, पदर हलका आहे.

गुंजा चटईच्या टोकाशी बसली होती. दोन्ही हातांत बाबांचा रिकामा दोना. तो रिकामा नव्हता; सुकरीबाईंनी त्यात पुन्हा तुंब्यातलं ओतून बाजूला ठेवलं होतं. पोरीच्या हनुवटीवरून तांबूस ओघळ गळ्यापर्यंत गेला होता.

"अगं! थूक! थूक ते!" मंजुषाने झेप घातली, पोरीच्या तोंडात बोट घातलं. वाइनच्या हौदाला कडी लावली, आणि इथं उघड्यावर... "किती प्यायली? अहो, गाडी काढा. दवाखान्यात..."

गुंजाने भोकाड पसरलं, ते दोना हिसकावला म्हणून.

सुकरीबाईंनी मंजुषाचं मनगट धरलं. "पिऊ दे वो माय. काही नाई होत." मग इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मोहाचा पाक आहे. फुलं शिजवून आटवली फक्त, नशा नाई त्याच्यात. लेकराईले आमी हिवाळाभर देतो."

गुंजाच्या गालाला लागलेलं मंजुषाने बोटाने निपटलं आणि जिभेवर ठेवलं. गूळ नव्हे, मध नव्हे. उन्हात पडलेल्या फुलाची गोडी, दाट आणि थोडी धुरकट. कुठेच काही चुरचुरलं नाही.

"सुरजच्या बाबानं मुद्दाम केला," सुकरीबाई कुजबुजल्या. "म्हणे त्या माणसाच्या अंगणात दारू नेणं बरं नाई. पण रिकामा तुंबाबी नेता येत नाई ना."

पलीकडे बायनाबाईंचा आवाज लागला होता. दोन वडे आणि औषध पोटात गेलं होतं, आणि कुंपणापलीकडची शेजारीण कान देऊन उभी होती. "माझा भाऊ वो! जलमात हात नाई लावला! अन् पोरीसाठी आज साऱ्याईच्या समोर दारू पेला!" त्या रडत होत्या, आणि त्या रडण्यात चांगलीच ऐट होती.

मंजुषा गुंजाला कडेवर घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी गेली. संध्याकाळी गावभर होणार हे. प्रार्थनेला लोक येतील तेव्हा कोणी ना कोणी विचारणारच.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आत्याबाईंना सांगू का? त्यात दारू नव्हती."

"मालूम आहे मले. पयल्याच घोटाले समजलं."

"मग सांगते ना. उगीच तुमचं नाव..."

बाबांनी हात वर केला. रागाचा नव्हे. गुंजाच्या गळ्यावरचा ओघळ त्यांनी आपल्या धोतराच्या टोकानं पुसला.

"मी दोना उचलला तवा काय समजून उचलला?"

मंजुषाने गुंजाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दारू समजूनच उचलला ना? मंग बाई काही खोटं नाई सांगून राह्यली." त्यांनी पोचूभाऊंकडे पाहिलं, जे आता धनराजला तुंब्याला भोक कसं पाडतात ते दाखवत होते. "राहू दे. अन् लेकराचा दोना काऊन हिसकला? दे तिले."

मंजुषाने दोना गुंजाच्या हातात परत दिला. सांडेल म्हणून खालून हातही धरला नाही.